वरून तिसरं

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो, असं आई म्हणायची. अशा बाईला शिकवायला ठेवायचं म्हणजे कमालच! तरी नगरमधल्या एका छापखान्याच्या मालकांनी मला ठेवलं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडले होते आणि छापखान्यात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. तो सांभाळायचा आणि कंपोझिटर काकांना शिकवायचा, हे माझं काम.

काका पन्नाशी ओलांडलेले. सोनईहून रोज पहिल्या एसटीनं यायचे. उभा जन्म शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेला. खणाखणांच्या लाकडी पेटीत, म्हणजे केसमध्ये, न बघता हात घालायचे आणि हवं ते अक्षर बोटांत यायचं. पण आता खिळे भंगारात निघाले होते. मालकांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "काका, दिवाळीपर्यंत कॉम्प्युटर जमला तर ठीक. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल." काकांची मुलगी नर्सिंगला होती, तिची अजून दोन वर्षं बाकी होती. नोकरी जाऊन चालणारच नव्हतं.

मराठी टायपिंग त्यांनी पंधरा दिवसांत उचललं. बोटांची सवय होतीच. घोळ होता तो मजकूर जुळवायचं सॉफ्टवेअर उघडण्याचा. स्टार्टवर क्लिक करा, प्रोग्रॅम्सवर जा, बाजूला यादी उघडते, त्यात वरून तिसरं. मी असंच सांगितलं होतं, "वरून तिसरं." काकांनी ते पक्कं धरलं. मग एक दिवस मी त्या मशीनवर आणखी दोन सॉफ्टवेअर टाकली आणि यादीतलं तिसरं गेलं पाचव्यावर. काकांनी सवयीनं तिसरं दाबलं, तर पत्त्यांचा खेळ उघडला. नेमके त्याच वेळी मालक मागे येऊन उभे.

"काय काका, पगार पत्ते खेळायचा घेता काय?"

काकांचा चेहरा पडला. मालक गेल्यावर मी वर आणखी त्यांच्यावरच डाफरले, "किती वेळा सांगायचं तुम्हाला! लक्ष कुठं असतं?" एवढ्या मोठ्या माणसाला मी असं बोलले.

माझा संयम संपला होता. म्हटलं, यांना शिकवत बसण्यापेक्षा मीच काहीतरी करते. कोर्समध्ये प्रोग्रॅम लिहायला शिकले होते. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर मोठं बटण, त्यावर लिहिलेलं 'कंपोज'. बटण दाबलं की सॉफ्टवेअर आपोआप सुरू. ते सी ड्राइव्हवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तो सगळा पत्ता मी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवला होता. काका खूश, मीही खूश.

महिन्याभरात सी ड्राइव्ह गच्च भरली. कॉम्प्युटर विकणाऱ्या माणसानं येऊन आमचं सॉफ्टवेअर काढलं आणि डी ड्राइव्हवर टाकलं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर फाइल सापडत नाही असा निरोप. मी हैराण. काका हळूच हसले.

"ताई, तुमचं बी माज्यासारकंच झालं की! ठरल्या खणात हात घातला अन् खण रिकामा." मग जरा थांबून म्हणाले, "पन मशीनला ठावं नसतं का, कोनती वस्तू कुटं ठिवलीय ते? त्यालाच इचारायचं की."

अगं बाई, खरंच की! विंडोजच्या पोटात एक मोठी नोंदवही असते. कुठलं सॉफ्टवेअर कुठे टाकलंय, ते तिच्यात लिहिलेलं असतं. मी आठ दिवस खपून प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. आता तो आधी त्या नोंदवहीत बघायचा, नोंद नसली तर दोन्ही ड्राइव्हचे फोल्डर एकेक करून तपासायचा, आणि सॉफ्टवेअर सापडलं की सुरू करायचा. मी मुद्दाम फोल्डर इकडचा तिकडे हलवून पाहिला. पठ्ठ्यानं शोधून काढलाच. मला आकाश ठेंगणं झालं.

मालकांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः बटण दाबलं, एकदा, दोनदा, तीनदा.

"वा, ताई! आता काय, कुणीही बसेल यावर. माझी भाची बारावी होऊन घरीच आहे. सोमवारपासून तिलाच आणतो."

मी हसतच होते. कौतुक ऐकण्यात इतकी गुंग, की ते काय बोलले हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. काका चष्मा पुसत उभे होते.

मालक गेल्यावर काका म्हणाले, "ताई, त्ये बटन काडून टाका. मला रस्ता शिकवा."

मी उसळलेच. "आठ दिवस घातलेत मी! तुमच्यासाठीच केलं ना?"

"माज्यासाठी केलं, व्हय. पन मला इचारलं न्हाई."

चपराक बसावी तसं झालं मला. मग खुर्ची ओढून पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसले. आजवर पाठीमागे उभी राहून सूचना सोडायचे. यादी उघडली आणि म्हटलं, "काका, कितवं ते मोजू नका. नाव वाचा." ते माझ्याकडे बघतच राहिले. यादीतली नावं इंग्रजीत, पण हा तर इंग्रजी व्हिजिटिंग कार्डं जुळवलेला माणूस, खिळ्यांवरची उलटी अक्षरंसुद्धा सरळ वाचणारा! त्याला मी मोजायला लावलं होतं. लाज वाटली मला. त्या दिवशी ते एकदाही चुकले नाहीत. शनिवारी मी प्रोग्रॅम मशीनवरून पुसून टाकला.

सोमवारी मालक भाचीला घेऊन आले. इस्त्रीचा ड्रेस, दोन वेण्या, हातात नवी वही.

"ताई, बटण कुठंय?" मालकांनी विचारलं.

"बिघडलं."

"मग दुरुस्त करा."

"होत नाही." इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

"मग आता उघडायचं कुणी?"

काका खुर्चीत बसले. स्टार्ट, प्रोग्रॅम्स, यादी. बोट स्क्रीनवरून फिरवत एकेक नाव पुटपुटले, हव्या त्या नावावर थांबले आणि क्लिक केलं. सॉफ्टवेअर उघडलं. त्यांनी लगेच एका लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करायला घेतला.

मालकांनी वाकून स्क्रीनवरच्या दोन ओळी वाचल्या. "बरं, काका, चालू द्या," म्हणाले. मग भाचीकडे वळले, "चल, तुला घरी सोडतो." ती वही छातीशी धरून त्यांच्या मागोमाग निघून गेली.

काकांची नोकरी टिकली, मुलगी नर्स झाली. त्या दिवशी मी खोटं बोलले याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. त्या पोरीचं मात्र वाटतं.