मस्कतहून दिसणारा कोरडा फ्लॅट

इंगळे काकूंच्या बेडरूममध्ये स्टुलावर उभी राहून मी छताला हातोडी मारत होते. ठक, ठक, ठक. काँक्रीट धड असलं की असा टणक आवाज येतो. पलंगाच्या वर आले आणि आवाज बदलला. भद्द. पुन्हा मारली. भद्द. डोळ्यांत रेती पडली.

"काकू, आजपासून या पलंगावर झोपायचं नाही," मी खाली उतरत म्हटलं.

"काहून? इतकी वर्षं झोपून राहिली ना मी."

"छत पोकळ झालंय. पडेल."

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. "मले एक सांगा मॅडम, तुम्ही त्या वरच्याच्या इंजिनियर आहात, का माह्या?"

प्रश्न बरोबर होता. मला वरच्यानेच बोलावलं होतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. इमारतीची हाडं तपासायची आणि रिपोर्ट लिहायचा, हे माझं रायपुरातलं काम. वरच्या फ्लॅटचा मालक अमोल, पुण्याचा पोरगा, नोकरी मस्कतला. पुण्यात फ्लॅटचे भाव परवडेनात, म्हणून त्याने पंडरी बाजाराच्या मागे, या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि भाड्याने दिला. खरेदी मुखत्यारपत्रावर, म्हणजे सही करायचा अधिकार एजंटला देऊन. रायपूर त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण बाबा मोठा दक्ष! दर महिन्याला भाडेकरूला व्हिडिओ कॉल करून सगळा फ्लॅट फिरून बघायचा. 'रिमोट मॅनेजमेंट' म्हणे.

"मॅडम, खालच्या काकू सारखे छताचे फोटो पाठवतात," तो मला फोनवर म्हणाला होता. "शेवटी मी त्यांना म्यूट केलं. लीकेज माझ्या फ्लॅटमधून नाही, एवढा रिपोर्ट द्या फक्त."

"आधी बघते, मग लिहिते."

"अहो, बघायचंय काय? कालच मी व्हिडिओवर पाहिलं. खडखडीत कोरडं आहे सगळं."

अशा क्लायंटचा मला मनस्वी राग येतो. रिपोर्ट यांनी आधीच लिहिलेला असतो, माझी फक्त सही हवी असते.

आता त्या 'भद्द' आवाजाचं सांगते. स्लॅबच्या पोटात लोखंडी सळया असतात. त्यांच्याखाली काँक्रीटचा एक थर असतो, त्याला आम्ही कव्हर म्हणतो. वरून पाणी मुरलं की सळई गंजते. गंजली की फुगते. फुगली की खालचं कव्हर ढकलते. एक दिवस ते सुटतं आणि खाली जो कोणी असेल त्याच्या डोक्यात येतं. काकूंचं डोकं बरोबर तिथेच असायचं. रेल्वेतून रिटायर झालेले त्यांचे मिस्टर वारले, मुलगी भिलाईला. घरात त्या एकट्याच.

मला कळत नव्हतं ते एवढंच, की पाणी येतं कुठून? गळती बाथरूमखाली होते, किचनखाली होते. इथे वर बेडरूम. ना नळ, ना पाईप. आणि ओल एका कोपऱ्यात नाही, अख्ख्या छतावर सारखी. बेडरूममध्ये कोणी रोज अंघोळ घालतं का काय?

अमोलने त्याचा व्हिडिओ मला पाठवला. कोरड्या टाईल्स, नीट लावलेला पलंग, नवा रंग. रंगाचे पैसे त्यानेच पाठवले होते. गीझरचेही. मग कॅमेरा बाल्कनीत गेला. खाली शेजारच्या घराची गच्ची, गच्चीवर वाळत घातलेली बिजोरी, म्हणजे आपले सांडगे. एकेक सांडगा मोजता येईल इतकं स्वच्छ.

मी काकूंच्या बाल्कनीत गेले आणि मान वर केली. शेजारचं घर आपल्या दुसऱ्या मजल्याच्याही वर गेलेलं. त्याची गच्ची अमोलच्या बाल्कनीतून दिसणं शक्यच नव्हतं. तिथून दिसली असती फक्त भिंत. ती खाली दिसायला चौथा मजलाच हवा.

"काकू, चौथ्या मजल्यावर कोण राहतं?"

"तोच ना राजेश, अमोलचा भाडेकरू, अभनपुरवाला. बायकापोरांसोबत. त्यानं वरचा इकत घेतला, अन् अमोलचा भाड्यानं."

"आणि अमोलच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं मग?"

"कोणीच नाही ना! सकाळी पोते जातात, टोकरे येतात. त्या अमोलले फोनवर सांगाले गेली, तर तो म्हणे, काकू, व्हिडिओ पाहिला, काही नाही."

मला चक्करच आली. हा राजेश स्वतःच्या फ्लॅटची बाल्कनी मस्कतला दाखवत होता! मग दुसऱ्या मजल्यावर होतं तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना दाराशी भेटून बजावलं, बेडरूममध्ये पाय ठेवू नका. त्या म्हणाल्या, "हव हव." मी वर जाऊन दाराशी उभी राहिले. थोड्या वेळात दार उघडलं, राजेश टोपल्या घेऊन बाहेर आला. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"दीदी, अभी नहीं. अंदर फैमिली है."

"फैमिली चौथ्या मजल्यावर आहे. बाजूला हो."

आत गेले आणि जागीच थिजले. आई शप्पथ सांगते, एवढ्या वर्षांत असलं काही पाहिलं नव्हतं. मिट्ट अंधार. खिडक्यांना ओली पोती. छताला हुक ठोकलेले, हुकांना दोऱ्या, दोऱ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत ओला पैरा, म्हणजे धानाचा पेंढा. अन् प्रत्येक पिशवीतून पांढरे मशरूम फुटलेले! हॉल, किचन, बेडरूम, सगळीकडे. पंप सुरू, पाण्याची फवारणी सुरू. माझे बूट पाण्यात. अहो, फ्लॅट कसला, शेतच होतं ते!

"पंप बंद कर आधी!" मी ओरडले. अमोलला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सगळीकडे फिरवला.

"मॅडम, हा कुणाचा फ्लॅट आहे?"

"तुमचा."

"काहीतरीच काय! माझ्या फ्लॅटला क्रीम रंग आहे."

"क्रीम रंग चौथ्या मजल्यावर आहे, अमोल. तुमचा गीझरही तिथेच आहे. तुम्ही इतके दिवस भाडेकरूचं घर बघत होतात."

राजेश हात जोडून म्हणाला, "दीदी, किराया तो हमेशा टाइम पे दिया है ना..."

तेवढ्यात खालून आवाज आला. धप्प! पायाखालची फरशी हादरली.

काकू! राजेश माझ्याआधी जिन्यात होता. आम्ही दोघं खालचं दार बडवत होतो. "माँ जी! माँ जी!" आतून उत्तर नाही. काल त्यांना हाताला धरून मुलीकडे का नाही पाठवलं, म्हणून मी स्वतःलाच शिव्या देत होते.

कडी निघाली. दारात काकू. केस, चेहरा, साडी, सगळं धुळीनं पांढरं. हातात गाळणी.

"चहा ठेवाले उठली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली याल म्हणून." आणि मटकन दारातच बसल्या.

हव हव म्हणून बाई पुन्हा त्याच पलंगावर टेकली होती! रागवू की मिठी मारू, मला कळेना. मिठीच मारली.

बेडरूममध्ये गेले. उशीवर दोन हातांत मावणार नाही एवढा काँक्रीटचा तुकडा. पलंगाची फळी मोडून खाली गेलेली. वर छताला गंजलेल्या सळया उघड्या. कॉल अजून सुरूच होता. मी फोन त्या उशीवर धरला. राजेश भिंतीला टेकून रडत होता. मी त्याला म्हटलं, रडायचं नंतर, आधी पिशव्या उतरव.

पिशव्या उतरल्या. स्लॅबखाली लोखंडी टेकू लावले. स्लॅब वाळल्यावर सळया घासून, जिथे गरज तिथे नव्या जोडून, खालून काँक्रीट भरलं. खर्च अमोल आणि राजेश दोघांच्या गळ्यात पडला. काकू तोवर भिलाईला राहिल्या, आणि तिथून रोज मला फोन करून मिस्त्री नीट काम करून राहिला का, हे विचारत होत्या.

काम सुरू असताना अमोल रायपूरला आला. पहिल्यांदाच. काकूही भिलाईहून बघायला आल्या होत्या. तो त्यांच्या पाया पडला. काकूंनी पाय मागे घेतले नाहीत. मग आम्ही तिघं वर गेलो. फ्लॅट रिकामा झालेला. दारात अमोल थांबला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"मॅडम, बेडरूम कुठली?"

मी काही म्हणायच्या आत काकूंनी हात केला. "तिकडे. माह्या डोक्यावर."

तो रिपोर्ट मी अमोलच्याच नावाने दिला, लीकेज तुमच्याच फ्लॅटमधून आहे म्हणून. त्याने फी दिली, घासाघीस केली नाही. आता बाहेरगावच्या मालकाचं काम आलं की मी फ्लॅटची चावी नंतर मागते. आधी खालच्या घराची बेल वाजवते.