उरले फक्त पी आणि एस

दुपारचा एक वाजला होता. स्क्रीनवर आलं होतं : ब्याण्णव टक्के पूर्ण, उरलेला वेळ वीस मिनिटं. आमच्या टीमचा प्रमुख सावंत याने लगेच क्लायंटला फोन लावून "वीस मिनिटांत देतो" असं सांगूनही टाकलं. मी कपाळावर हात मारला.

अंधेरीतल्या आमच्या कंपनीकडे रक्त तपासणाऱ्या लॅबच्या एका साखळीचं काम होतं. एकाच पेशंटची दोनदा झालेली नोंद शोधायची, म्हणजे प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून बघायचं. चार वाजेपर्यंत यादी गेली नाही तर कॉन्ट्रॅक्ट जाणार होतं. आडनावाच्या इंग्रजी पहिल्या अक्षरावरून सव्वीस गट पाडून सव्वीस मशीनना एकेक गट दिला होता, नावं ज्या त्या गटातच ताडायची. सकाळी नऊला सगळ्या एकदम सुरू केल्या.

"उरलेत कोणते?" मी विचारलं. सावंत आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो, त्यामुळे अरेतुरे चालतं.

"पी आणि एस. दोनच तर आहेत गं!"

"अरे, ही मुंबई आहे! पाटील, पटेल, पवार एकीकडे. शहा, शेख, शिंदे आणि तुझं अख्खं खानदान दुसरीकडे."

स्क्रीनचा हिशेब सोपा होता. चार तासांत चोवीस गट, म्हणजे गटाला दहा मिनिटं. सगळे गट सारखे असं ती धरून चालते. मी कागद ओढला. एमच्या गटाला एक तास लागला होता. एसमध्ये त्याच्या तिप्पट नावं, पण नावं तिप्पट झाली की जोड्या नऊपट होतात. म्हणजे नऊ तास. एस संध्याकाळी सहाला संपणार होता. पीमध्ये एमच्या अडीचपट नावं, म्हणजे सव्वासहा तास.

"वाट लागली यार," सावंत मटकन बसला.

"पी सव्वातीनला संपेल, त्याला हात लावू नकोस. एस बंद कर. त्याच्या जोड्यांचे सारखे तुकडे करून रिकाम्या चोवीस मशीनना वाटू."

"चार तासांचं काम फुकट घालवू? आणि नाही जमलं तर?"

"तर मी राजीनामा देते."

बोलून तर गेले. कागदावरचं गणित पुन्हा दोनदा तपासलं.

तुकडे पाडायला अर्धा तास गेला. दोनच्या आत एस खलास! सावंत मग पीसमोर ठाण मांडून बसला. पी तीन वाजून तेरा मिनिटांनी संपला, माझ्या हिशेबाच्या दोन मिनिटं आधी. यादी गेली, कॉन्ट्रॅक्ट राहिलं. "झकास!" सावंत ओरडला, आणि मी उरलेला दिवस कॉलर ताठ करून फिरले. खोटं कशाला बोलू?

आता क्लायंटला वेळ सांगण्याआधी सावंत मला विचारतो. मी आधी उरलंय काय ते बघते. टक्के नंतर.