हळदवाला आणि माझी आगाऊ पेटी

पन्नाशी उलटली की बाईला अक्कल येते, असं कुणी म्हणालं तर खुशाल माझं उदाहरण द्या. मुरुडच्या भरल्या मंडपात, नाटकातल्या ऐन मरणाच्या प्रसंगात, मी पेटीवर हळदीचं नाचगाणं वाजवलं.

गाणं हळदवाल्याचं. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. काशीदपासून तळा गावापर्यंत त्याच्या गाण्यावाचून हळद लागत नसे. आता तो नाही, गाणं अजून वाजतं. पोरं त्याला रस्त्यात अडवून नाचायची. तो हसायचा, पण आमच्या ओटीवर टेकला की म्हणायचा, "वैनी, माज्या गान्यावर समदी नाचतात. आयकत कोनी न्हाय."

म्हणून त्यानं संगीत नाटक लिहिलं. त्यासाठी लग्नसराईच्या सुपाऱ्या सोडल्या. पेटीवर मला बसवलं. महिला भजनी मंडळात मी स्वतःला फार थोर समजत असे ना! तालमीत त्याचा एकच हट्ट. बुडालेल्या मुलाची होडी रिकामी परत येते, बाप गाता गाता थांबतो, तिथं कुणी काही वाजवायचं नाही. "ती शांतताबी मीच बसवलीय," म्हणायचा.

प्रयोगाला मंडपात कुजबुज होतीच. "हळदवाला रडवनार व्हय? बगू." मुरुडनं हसण्यावारी नेलं तर नाटक तिथंच संपणार, हे त्याला ठाऊक होतं.

तो प्रसंग आला. बापाच्या वेशातला तो थांबला. मागून कुणी ओरडलं, "भाऊ, हळद होऊन जाऊ दे!" भजनात गाणारा थांबला की पेटीनं जागा भरायची, ही माझी जुनी खोड. वाटलं, ओळ विसरला बिचारा, सावरते याला! घाबरलेली बोटं नेमकी त्याच गाण्यावर पडली. शिट्ट्या, टाळ्या. दोघं तर मोबाइल उंचावून नाचायला उठले.

तो हलला नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही, निदान मला तसं वाटलं. रिकाम्या होडीकडं बघत नुसता उभा. नाचणाऱ्यांतल्या एकाची नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली, तो मुकाट खाली बसला. टाळ्या विरळ झाल्या. माझी बोटं ओळीच्या मध्येच थिजली. मग असं सामसूम झालं, की बायकांतला एक हुंदका आम्हाला रंगमंचावर ऐकू आला. तेव्हा कुठं त्यानं पुढची ओळ उचलली.

पडदा पडल्यावर मी पेटीमागं लपले. एवढ्या अंगाची बाई! तो समोर उकिडवा बसला, पंच्यानं तोंडाचा रंग पुसत म्हणाला,

"वैनी, उद्या काशीदलाबी तितंच चुका. पन थांबताना तुमचं तोंड आजच्यावानीच पांढरं पडलं पायजे."