इंजिन बंद पडलं तेव्हा मी शेजारी होते

आमच्या ह्यांना दारू नाही, पत्ते नाहीत, सिगारेट नाही. सगळ्याची कसर त्यांनी एका विमानाने भरून काढली. दोन सीटचं, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून बनवलेलं, जवळजवळ त्यांच्याच वयाचं विमान. पंखा हाताने फिरवून ते चालू करावं लागायचं. तरुणपणी हे उडवायला शिकले होते. मग नोकरी आणि संसारात ते राहून गेलं, आणि निवृत्त झाल्यावर कुठूनसं हे धूड सापडलं. देवासच्या बाजूला एका मित्राच्या जमिनीवर मुरमाची धावपट्टी होती, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये ते ठेवलेलं असायचं. दर रविवारी सकाळी पोहे खाल्ले की हे तिकडे. बड़ा गणपतीजवळच्या आमच्या गल्लीत सगळे त्याला माझी सवत म्हणायचे. मीही हसायचे. पण सवत निदान जमिनीवर तरी राहते.

मी आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं. विमान का उडतं हे मला चांगलं कळतं, म्हणूनच ते कधी उडायचं थांबतं हेही कळतं. हे मला पोह्यांच्या चमच्याने समजावून सांगायचे, "अगं, इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. ते घसरत खाली येतं. नाक खाली ठेवायचं, वेग सांभाळायचा, आणि जवळचं बरं शेत बघून उतरायचं. माणसं मरतात ती कसंही करून धावपट्टी गाठायच्या हट्टापायी." चमचा टेबलावर अलगद उतरायचा. मी म्हणायचे, "आधी ते पोहे संपवा." पण रविवारी दुपारी त्यांच्या स्कूटरचा आवाज येईपर्यंत मी देव पाण्यात ठेवून बसलेली असायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. टोमणे मात्र पोटभर मारले.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या भाभींनी मला खजरानाच्या गणपतीला नेलं. तिथे देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक कुंकवाने उलटं स्वस्तिक काढतात आणि मनातलं मागतात. मागितलेलं मिळालं की परत येऊन सुलटं काढायचं. भाभी म्हणाल्या, "टीचरजी, इतनी टेंशन कशाला घेताय? उलटा बना दो, बाकी बप्पा देख लेंगे." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरीही मी बोट कुंकवात बुडवलं. 'ह्यांचं उडणं सुटू दे, पण ह्यांना काही होऊ देऊ नकोस,' असं मागितलं. प्रश्नपत्रिका काढायची सवय, त्यामुळे अट नीट घातली होती.

घरी आले तर हे ओट्याशी उभे राहून माझ्यासाठी चहा करत होते. म्हणाले, "दमलीस ना? बस." मला एकदम चोरी केल्यासारखं वाटलं. ज्या एका गोष्टीत ह्या माणसाचा जीव आहे ती हिरावून घ्यायला मी देवाकडे गेले होते, आणि हा इथे आलं किसतोय. चहा देताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "या रविवारी येतेस का बरोबर?" वर्षानुवर्षं ते विचारत होते आणि वर्षानुवर्षं मी नाही म्हणत होते. त्या दिवशी मी "येते" म्हटलं. निव्वळ अपराधीपणापोटी. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. खरं आहे हे पटल्यावर ते इतके खूश झाले की कप विसळायला घेतला आणि तसाच नळाखाली धरून उभे राहिले.

रविवारी मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले, कानटोपी घालून. आवाज असा की जणू कुणी डोक्यावर मसाला कुटतंय. एकमेकांचं बोलणं ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. हे बोट दाखवायचे आणि मी मान हलवायचे. खाली गहू हिरवागार होता, मध्येच बटाट्याची शेतं, कुठे हरभरा. बराच वेळ फिरून परत वळलो. धावपट्टी लांबवर पिवळट रेघेसारखी दिसू लागली होती आणि मी मनात म्हणत होते, चला, घोडं गंगेत न्हालं.

तेवढ्यात इंजिन खोकलं. दोनदा हिसका बसला आणि ते बंद पडलं. समोरचा पंखा हळूहळू फिरत आडवा थांबला. फिरणारा पंखा दिसत नाही, थांबलेला दिसतो, आणि तो बघणं फार वाईट असतं.

ह्यांनी ताबडतोब नाक खाली केलं. एका हाताने त्यांनी पेट्रोलची चावी, कसले कसले दांडे, एकामागून एक तपासले. काही उपयोग झाला नाही. आता फक्त पंखांखालून जाणाऱ्या वाऱ्याची शीळ होती. त्या शांततेत मला त्यांचा आवाज ऐकू आला, घरात बोलतात तसा, मीठ मागताना असतो तसा.

मी म्हटलं, "अहो, ती बघा आपली पट्टी!"

"तिथवर पोचत नाही आपण. तिकडे बघूच नकोस," ते म्हणाले. "तुझी लांबची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. ते उजवीकडचं तपकिरी शेत दिसतंय? त्याच्या आजूबाजूला विजेची तार आहे का सांग."

"तार कशी दिसेल इतक्या वरून?"

"तार नाही दिसत. खांब बघ."

मी खांब बघितले. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी काही बघितलं नसेल. अलीकडच्या कडेला बाभळींच्या ओळीत खांब दडलेले होते, एक, मग दुसरा. मी ओरडले, "अलीकडे आहे तार! झाडांत! पलीकडे काही नाही!" "शाब्बास," असं म्हणून त्यांनी मोठी गिरकी घेतली आणि पलीकडच्या बाजूने शेतावर आले. म्हणाले, "दार उघडून ठेव. आपटल्यावर अडकायला नको." मी दार उघडलं. खाली कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. एक बाई विळा हातात धरून वर बघत होती, तिचा तोंडावर गेलेला हात दिसला. मग चासांच्या दिशेनेच आम्ही जमिनीला टेकलो, उडालो, पुन्हा टेकलो, आणि धुरळ्यात थांबलो. शेपटीचं चाक तेवढं मोडलं.

लसूण काढून झालेलं शेत होतं ते. चारी बाजूंनी माणसं धावत आली. ती विळ्याची बाई माझे खांदे चाचपत विचारत होती, "बाई, लागी तो नी? पाणी लाऊँ?" मला काहीही लागलं नव्हतं. मी हसत होते. सगळ्यांना वाटलं, धक्क्याने भ्रमिष्ट झाली. ह्यांनाही तसंच वाटलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. वर असताना तो तसा नव्हता, खाली आल्यावर झाला.

मला काय झालं होतं ते मी आज लिहून टाकते. मला भीती वाटली होती, पण ती थोडाच वेळ. खांब शोधायला सांगितल्यावर ती कुठे गेली कळलंच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी वाढवली, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, पण त्या शांततेत आम्ही दोघं मिळून जे केलं तसं कधीच केलं नव्हतं. त्यांना माझी गरज होती, आणि मी कामाला आले. मला परत वर जायचं होतं.

घरी पोचलो आणि ह्यांनी कानाला खडा लावला. "संपलं. तू होतीस बरोबर. तुला काही झालं असतं तर?" मागितलेलं मिळालं, शब्दाला शब्द. ह्यांना काही झालं नाही आणि उडणं सुटलं. भाभी आठवण करून देत राहिल्या, "सीधा बना के या, टीचरजी. बप्पाचं उधार ठेवत नाहीत." मी आज-उद्या करत राहिले.

हे गप्प गप्प झाले. पूर्वी विमानाचा आवाज आला की जेवताना हातातला घास तसाच धरून गॅलरीत जायचे आणि कुठलं आहे ते सांगायचे. आता वरून विमान गेलं तरी ताटातून मान वर उचलत नसत. पुण्याहून मुलीचा फोन आला की म्हणायची, "आई, बरं झालं ना, सुटलं एकदाचं?" मी "हो गं" म्हणायचे. माझंच विष मला घोटाघोटाने प्यावं लागत होतं.

दरम्यान मेकॅनिकने इंजिन उघडलं. पेट्रोलच्या जुन्या रबरी पाइपचा आतला पापुद्रा सुटून त्याचा तुकडा अडकला होता, एवढंच. तो पाइप आणि चाक बदललं की विमान पुन्हा उडेल असं त्याने सांगितलं. पण दक्षिणेकडचे एक हौशी गृहस्थ ते घ्यायला तयार झाले होते, आणि ह्यांनी त्यांना रविवारी कळवतो म्हणून सांगितलं होतं.

त्या रविवारी सकाळी पोह्यांची ताटली पुढे तशीच ठेवून हे म्हणाले, "तुला एक सांगायचंय. तो पाइप बदलायचा आहे हे मला माहीत होतं. नवा आणूनही ठेवला होता. त्याच रविवारी बदलणार होतो. पण तू येते म्हणालीस. एक रविवार पुढे ढकलला असता तर तू पुन्हा नाही म्हणाली असतीस. म्हणून मी तसंच नेलं तुला."

माझ्या हातातला डाव खाली पडला. मी गेले नसते तर पाइप बदलला गेला असता. आणि मी गेले होते ते त्या भिंतीवरच्या कुंकवापायी. त्याच वेळी सांगायला हवं होतं की तुमचा एकट्याचा दोष नाही, तुमच्याआधी माझा आहे. जिभेवर आलं होतं.

"तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारतो," ते म्हणाले. "सगळं नीट दुरुस्त केलं, मी स्वतः एकेक पाइप तपासला, तर परत बसशील माझ्याबरोबर? तू हो म्हणालीस तर त्या गृहस्थांना नाही कळवतो. तूच माझ्यावर विश्वास ठेवणार नसशील, तर मग मला उडवायचा हक्क नाही."

मला बसायचं होतं. पण मी हो म्हटलं असतं तर पुढचा रविवार आला असता, आणि त्याच्या पुढचा, आणि मी दर वेळी बरोबर असणार नव्हते. स्कूटरचा आवाज ऐकायला कान लावून बसलेल्या त्या सगळ्या दुपारी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटते."

त्यांनी मान हलवली. "साहजिक आहे," म्हणाले, आणि फोन उचलला.

पंख सोडवून ते विमान ट्रकवर चढवलं तेव्हा हे तिकडे गेले नाहीत. मला कसं वाटेल म्हणून ते घरी माझ्याजवळ बसून राहिले. तेव्हापासून ते मला फार जपतात. स्कूटर हळू चालवतात, पुलावर तर आणखी हळू. मी दचकून उठले का, असं सकाळी विचारतात. माझ्यासारखी गाढ झोप घराण्यात कुणाला लागत नसेल.

परवा मुलगी आणि नात आल्या होत्या. आमच्या इथल्या लालबागच्या मेळ्यात नात आकाशपाळण्यासाठी हट्ट धरून बसली, आजी-आजोबा दोघांनीही चला म्हणाली. पाळणा चांगलाच उंच होता. ह्यांनी एकदा वर बघितलं. कित्येक महिन्यांनी त्यांनी मान उचललेली मी पाहिली, आणि त्यांच्या डोळ्यांत काय आलं तेही पाहिलं. मग ते नातीला म्हणाले, "तू आईबरोबर जा, बेटा. आजीला उंचीची भीती वाटते. मी थांबतो तिच्याजवळ." आणि माझा हात घट्ट धरून माझ्या शेजारी खाली उभे राहिले.