चंपाषष्ठीची नोंद

देवाशी माझं भांडण कधी नव्हतं, पण फारसं बोलणंही नव्हतं. न्हावऱ्याच्या आमच्या घरात देव्हारा होता, त्यात खंडोबाचा टाक होता, आणि रोज सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, कपाळाला भंडारा लावून त्याच्यापुढे उभे राहायचे. मी कामाच्या घाईत जाता जाता हात जोडायचे. तो आहे की नाही याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्याच्यावाचून माझं काही अडलं नव्हतं, एवढंच. अडलं ते चाळिशीत आल्यावर, आणि तेही एका कागदापायी.

आमचं घराणं मेंढपाळांचं. दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड लादून आबा आणि आई मेंढरं घेऊन बाहेर पडायची, ती पावसाळ्याच्या तोंडावर घरी यायची. पुढे विहिरीला पाणी लागलं, ऊस-कांदा सुरू झाला आणि आम्ही गावात स्थिरावलो. मी शिकले, रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला लागले. गाड्यांमध्ये आवाज अडवायला जे जाड थर बसवतात, ते तिथे बनायचे. हजारो सुया खालीवर होत आणि त्यांच्याखालून सुटा धागा एकजीव होऊन बाहेर पडे. त्या मशीनपुढे उभी असताना मला आमची काळी, भरड लोकर आठवायची. तिला आता गिऱ्हाईक नाही. मेंढ्या कातरल्या की लोक ती बांधावर टाकून देतात. मी नोकरी सोडली, घराशेजारी शेड उभी केली आणि त्या टाकाऊ लोकरीची चटई बनवू लागले. कुंडीत किंवा वाफ्यात रोपाखाली ती घातली की पाणी धरून ठेवते आणि पुढे मातीतच मुरते. सहा वर्षं मी त्या एकाच वस्तूमागे होते.

पुण्याच्या एका प्रदर्शनात हॉलंडच्या फुलशेतीवाल्यांनी ती चटई पाहिली. त्यांच्याकडेही भरड लोकर अशीच वाया जाते म्हणाले. तिथलं सरकार नवीन धंदा घेऊन येणाऱ्या परक्या माणसाला एक वर्षाचा व्हिसा देतं, मात्र तिथल्या एखाद्या जाणत्या संस्थेनं त्याच्या पाठीशी उभं राहावं लागतं. अशी एक संस्था माझ्या पाठीशी उभी राहिली. तिथली शेड ठरली, आराखडा मंजूर झाला. माझे यजमान इथली शेड सांभाळणार होते, मी पुढे जाऊन तिथलं काम उभं करणार होते. राहिली होती फक्त कागदपत्रं, आणि त्या यादीत होता जन्मदाखला.

माझा जन्मदाखला नव्हता. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला होता, त्यामुळे इतकी वर्षं कधी प्रश्न आला नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख गुरुजींनी एक जून लावली होती, कारण आईबापांना तारीख ठाऊक नसे. माझी तेवढी वेगळी होती. आबा गुरुजींना ठासून म्हणाले होते की माझी लेक चंपाषष्ठीला झाली, केडगावच्या शिवारात झाली. गुरुजींनी जुनं पंचांग काढून त्या वर्षीची तारीख शोधली आणि तीच लिहिली. मला मात्र मोठेपणी वाटायचं की आबांनी ही गोष्ट भक्तीपोटी रचली असेल. चंपाषष्ठी म्हणजे खंडोबाचा दिवस. भक्ताला आपल्या लेकराचा जन्म त्याच दिवशी व्हावासा वाटणारच.

केडगावात नोंद मिळाली नाही. आजूबाजूच्या दोन ग्रामपंचायतींतही मिळाली नाही. न्हावऱ्याचा तर प्रश्नच नव्हता. उशिरा नोंद करून घेता येते असं कळलं, म्हणून दौंडच्या तहसील कचेरीत अर्ज केला. तिथले कारकून भले होते, पण त्यांचेही हात बांधलेले होते. दवाखान्याचा कागद किंवा बाळंतपण केलेल्या माणसाचा जबाब, यातलं काहीतरी आणा, नुसत्या शाळेच्या दाखल्यावर हुकूम निघणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. आबांना विचारलं तर म्हणाले, "दवाखाना गाठलाच न्हाई, तिथं कागद कुठला? वाटंत एका बाईनं केलं बाळंतपण. धवळं लुगडं व्हतं तिचं. नाव कुणी इचारलंय तवा?" मी वैतागून म्हणाले की आबा, नावाशिवाय मी तिला कुठं शोधू? ते म्हणाले, "देव दावील." मी उठून गेले. खरं सांगायचं तर त्या शब्दाचा मला राग आला होता. तिकडच्या संस्थेच्या पत्राची मुदत महिनाअखेरीस संपत होती. मुदत टळली की शेड दुसऱ्याला जाणार होती आणि सगळं पहिल्यापासून मांडावं लागणार होतं.

कचेरीत चौथ्यांदा गेले त्या दिवशीही नकारच मिळाला. दौंडहून दुपारच्या गाडीनं केडगावला उतरले. न्हावऱ्याकडची एसटी नुकतीच निघून गेली होती, दुसरीला वेळ होता. मी फलाटावर परत येऊन बाकावर बसले. पिशवीत कागदांच्या फायलीबरोबर चटईचा एक तुकडा होता. कचेरीतल्या साहेबांना दाखवावा म्हणून नेला होता, पण तेवढी वेळच आली नाही. तो तुकडा मी मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत बसले. रडू आलं नाही. सगळं आतून थांबल्यासारखं झालं होतं. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. मनातच म्हणाले, 'देवा, माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. आता मला पुढचं काही दिसत नाही. न्यायचं असेल तर ने, नसेल तर इथंच राहू दे. मी सोडलं.' त्यात रुसवा नव्हता. मी खरोखरच हात सोडले होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेजारी कोणीतरी बसल्याचं जाणवलं. पासष्टीच्या आसपासच्या एक बाई होत्या. पांढरं सुती पातळ, पायात साध्या चपला, हातात कापडी पिशवी. त्यांनी माझ्या मांडीवरच्या तुकड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हात लावू का, बाळ?" मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि हसल्या. म्हणाल्या, "या वासानं मला एक घोंगडी आठवली."

मग त्या आपणहूनच बोलू लागल्या. केडगावला मिशनची जुनी वसाहत आहे, निराधार बायकांना आसरा देणारी. तिथल्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर परिचारिकेचं काम केलं होतं आणि आता त्या तिथंच राहत होत्या. त्यांच्या तरुणपणी एका सकाळी एक धनगर आपल्या बायकोला घोडीवर घालून दवाखान्याकडे निघाला होता. ती वाटेतच अडली. तो धावत एकटा दारात आला आणि या त्याच्यामागे धावत गेल्या. बाभळीखाली बाळंतपण झालं. मुलगी झाली, पण रडेना. पायांना धरून उलटी केली, पाठ चोळली, तोंडानं श्वास दिला. बाई सांगत होत्या, "माझ्या हातानं झालेलं ते पहिलंच बाळंतपण. मी सारखी प्रार्थना करत होते, आणि तिचा बाप शेजारी उभा राहून त्याच्या देवाला हाका मारत होता. कोणी ऐकलं कोण जाणे, पण पोर रडली."

त्या धनगरानं कोकरू देऊ केलं. यांनी घेतलं नाही. तेव्हा त्यानं खांद्यावरची घोंगडी काढून त्यांच्या पायाशी ठेवली आणि मागं न बघता गेला.

मी कसंबसं विचारलं की तो माणूस कुठल्या गावचा होता. बाई म्हणाल्या, "न्हावऱ्याचा. मी रजिस्टरात लिहिलं होतं ना, म्हणून आठवतं. दुसऱ्या दिवशी येऊन गावात नोंद करून जा असं त्याला सांगितलं होतं, पण तोवर त्यांचा मेंढरांचा वाडा पुढं हलला होता."

मी त्यांचा हात घट्ट धरला. त्या घाबरल्या, पाणी देऊ का म्हणाल्या. थोड्या वेळानं मी आईचं नाव सांगितलं, माझी हकीकत सांगितली. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. मग मी विचारलं की आज तुम्ही स्टेशनवर कोणासाठी आलात. त्या ओशाळल्या. त्यांची भाची पुण्याहून यायची होती. फलाटावर येऊन तिला फोन लावला तेव्हा कळलं की ती उद्याच्या गाडीनं येणार आहे. "मी दिवस चुकले बघ. अशी कधी चुकत नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना घेऊन केडगावला मिशनच्या दवाखान्यात गेले. खात्री नव्हती, हे कबूल करते. त्या काळी किती तरी वाडे त्या शिवारातून जात असतील, न्हावऱ्याचेही आम्ही एकटेच नव्हतो. बाईंनी आधीच कपाट उघडवून ठेवलं होतं. कापडी बांधणीचं जाड रजिस्टर, कडा वाळवीनं थोड्या खाल्लेल्या. त्यांनी बोट ठेवलं तिथं निळ्या शाईत आईचं नाव होतं. पुढे आबांचं नाव, गाव न्हावरे, धंदा मेंढपाळ. मुलगी, आरंभी श्वास नाही, नंतर ठीक. आणि तारीख. मी पासपोर्ट काढून शेजारी ठेवला. गुरुजींनी पंचांगातून शोधलेली तारीख आणि त्या पानावरची तारीख एकच होती. चंपाषष्ठी.

मी ती ओळ पुन्हापुन्हा वाचत होते. माझ्या बापाच्या शब्दावर मी इतकी वर्षं मनातून हसत आले होते, आणि तो शब्द इथं, आमच्या घरापासून इतक्या जवळ, एका परक्या देवाच्या दारात जसाच्या तसा जपून ठेवलेला होता.

आबा दाराशीच उभे होते. बाई त्यांच्यासमोर गेल्या. दोघांनी एकमेकांना ओळखलं की नाही सांगता येत नाही, चाळीस वर्षांनी कोण कोणाला ओळखणार. पण आबांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला, जो ते कोणापुढे काढत नाहीत. म्हणाले, "बाई, त्या दिशी तुमाला नीट बोललो बी न्हाई. पोर रडली आन् मी भान इसरलो."

बाई म्हणाल्या, "दादा, तुमची घोंगडी मी सतरा वर्षं पांघरली."

आबांनी कनवटीची पुडी काढली, चिमटीत भंडारा घेतला आणि थबकले. या बाई ख्रिस्ती, त्यांना चालेल की नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. हात तसाच अधांतरी राहिला. बाईंनी आपला तळवा पुढे केला. आबांनी त्यावर भंडारा ठेवला आणि बाईंनी तो रुमालात बांधून पदराआड खोचला. मी आजवर पुष्कळ देवळं पाहिली, पण त्या खोलीत मला जे वाटलं ते कुठल्याच गाभाऱ्यात वाटलं नव्हतं.

पुढचं सगळं सरळ झालं. बाई माझ्याबरोबर दौंडला आल्या, जिना चढताना दोनदा थांबल्या, आणि साहेबांपुढे जबाब दिला. रजिस्टराची प्रत जोडली. हुकूम निघाला, दाखला मिळाला, त्यावर सरकारी शिक्के झाले आणि मुदतीच्या दोन दिवस आधी फाईल रवाना झाली. काही आठवड्यांनी व्हिसा आला. मी तो आबांना दाखवला. त्यांनी वाचता येत नसलेला तो कागद कपाळाला लावला आणि परत दिला. मी विचारलं, "आबा, तुम्हाला खात्री होती का?"

"खात्री कशाची?" ते म्हणाले. "मेंढरू हरवलं की मी हाका मारायचो. गावलं तर गावलं. पर हाक मारल्याबिगर घरी येत नव्हतो."

आज मी हे हॉलंडमधून लिहिते आहे. शेडमध्ये इथल्या मेंढ्यांची लोकर येते, चटया बाहेर पडतात, धंदा हळूहळू चालतो आहे. पुढे काय होईल ठाऊक नाही. स्टेशनवरची ती भेट योगायोग होता असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की धरून ठेवलेलं सुटलं आणि त्यानंतरच मी शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू शकले. एरवी मी फायलीत डोकं खुपसून बसले असते.

इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात नगरपालिकेत नाव नोंदवायला गेले होते. खिडकीमागच्या बाईंनी दाखला उलगडला, जन्मस्थळ वाचायचा प्रयत्न केला आणि हसून विचारलं की हे केडगाव मोठं शहर आहे का. मी म्हणाले, नाही, लहान आहे. त्यांनी शिक्का मारला. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. थंडी होती. देवाकडे काहीतरी मागावं म्हणून हात जोडले, पण मागायचं काही सुचेना. मला जे हवं होतं ते त्यानं मी रडायला शिकले त्याच सकाळी, एका अनोळखी बाईच्या हातून, निळ्या शाईत लिहवून ठेवलं होतं.