मानाचे ब्रेकर

धुळ्याला बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, तेव्हा माझ्या अंगात शहाणपण मावत नव्हतं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शिरपूरकडच्या एका गावातून नुकताच डांबरी रस्ता गेला होता आणि त्यावरून केळीचे ट्रक असे सुसाट पळायचे की कोंबड्यांनीसुद्धा रस्ता ओलांडणं सोडलं होतं.

त्या गावात एक अक्का राहायच्या. लहानपणीच पोलिओनं पाय गेलेले. हातानं चालवायची सरकारी तीनचाकी होती, आणि रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीवर दळण मोजून घ्यायचं काम. पण पलीकडे जायला धाकट्या भावानं ढकलावं लागायचं. तो शेतात अडकला की अक्का दारातच. गिरणीवाल्यानं शेवटी सांगितलं, वेळेवर जमत नसेल तर दुसरी बाई बघतो. बहिणीला एकटीनं रस्ता ओलांडता यावा म्हणून काहीतरी करा, असा भावानं खात्याकडे अर्ज केला आणि तो माझ्या टेबलावर आला.

मी ठरवलं, ब्रेकर टाकायचा, पण गावाला विचारून. साहेब म्हणाले, "गावाला विचारून लग्नं होतात, रस्ते होत नाहीत." मी कसला ऐकतो.

चावडीवर बैठक भरली. ब्रेकर कुठे हवा, असं विचारायचा अवकाश, गावातले सगळ्यात वडीलधारे नाना म्हणाले, "मन्हा दार म्होरे." लगेच समोरच्या आळीतले आबा उठले. नानांच्या दारापुढे होणार असेल तर त्यांच्याही दारापुढे हवा. पोळ्याला कुणाचा बैल आधी निघतो यावरून ही दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नव्हती, तिथे ब्रेकर म्हणजे डांबरातला मानच. ज्याच्या दारापुढे ट्रक नमतो तो मोठा माणूस. मी एकच मंजूर केला, तो नानांचा. मग ज्याला त्याला आपल्या दारापुढे हवा झाला आणि लोकांनी श्रमदानानं मुरूम-सिमेंटचे घातले. रोज कुणाच्या तरी दारापुढे नारळ फुटायचा आणि पाहुणा म्हणून मी खोबरं खायचो. नको म्हणायची माझी काय बिशाद.

पंधरा दिवसांत नाकी नऊ आले. ट्रकमधून केळीचे घड पडायला लागले. एसटीचा ड्रायव्हर गावाच्या तोंडाशीच गाडी रिकामी करून सांगायचा, "पलीकडे चालत या, मी थांबतो." आबा तेवढे उतरले नाहीत, तर त्यांची कवळी गाडीत उडाली, ती शिरपूरच्या आगारात सापडली. आबा तिथेही तोऱ्यात सांगत होते, माझ्याच ब्रेकरवर उडाली.

मग मी मोठ्या रुबाबात अक्कांकडे गेलो. म्हटलं, "आता ट्रक हळू जातात ना?"

"जातस ना," अक्का म्हणाल्या.

"मग गिरणीवर का जात नाही?"

त्यांनी बोटानं दारापुढची उघडी गटार दाखवली. तीनचाकीचं पुढचं चाक नेमकं तिच्यात बसायचं. "ट्रक तं भोंगा वाजाडस, भाऊ. गटार वाजाडस का?"

मला हसू फुटलं. अक्का हसल्या नाहीत. "बठ्ठास्ले ईचारं तुम्ही," त्या म्हणाल्या, "माले नही ईचारं."

खरंच होतं. साऱ्या गावाला विचारलं, पण चावडीला उंच पायऱ्या. अर्ज ज्यांच्यासाठी, त्यांनाच बोलवायचं राहून गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गटारींवर जाड फरश्या टाकून घेतल्या. त्या फरश्यांसाठी कुणी भांडलं नाही आणि नारळही फुटला नाही.

सकाळी अक्का निघाल्या. चाक फरशीवरून खडखडत पार झालं. लांबून एक ट्रक नानांच्या ब्रेकरवर आदळत येत होता. अक्कांना पाहून ड्रायव्हरनं तो थांबवला. भाऊ सवयीनं धावला आणि त्यानं मागून दांडी धरली.

"हात काढ," अक्का म्हणाल्या.

त्यानं हात काढला. अक्का एकट्या पलीकडे गेल्या, गिरणीत दिसेनाशा झाल्या. ट्रकही निघून गेला. भाऊ मात्र शेतात जायचं सोडून तिथेच उभा होता, रिकाम्या हातांचं आता काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.