फर्गसचे शकुन आणि माझं प्रोबेशन

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माझ्यासारखी दचकणारी मुलगी एका ऑफिसात नेऊन बसवली की ते आपोआप साचतात! शारजाच्या हमरिया फ्री झोनमधलं आमचं पंपांचं ऑफिस, त्यात मी प्रोबेशनवर. बॉस फर्गस, मूळचा स्कॉटलंडचा. त्याच्या आजीचे सगळे शकुन-अपशकुन त्याला तोंडपाठ. नोकरी पक्की झाली नाही तर व्हिसा खलास आणि मी पुण्याला परत. त्यामुळे तो नुसता खाकरला तरी मी मनात बॅग भरायला घ्यायची!

*

पहिल्याच आठवड्यात पँट्रीत फर्गसचे ओट्स शिजत होते. फोन आला म्हणून तो बाजूला झाला. मी आपली मदत म्हणून चमचा फिरवला.

"नो! नॉट दॅट वे!"

चमचा माझ्या हातातून उडाला तो थेट सिंकमध्ये. ओट्स घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच ढवळायचे. उलटे ढवळले की सैतान येतो म्हणे!

अकाउंट्सच्या जोशी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अगं, देवळात तू उलटी प्रदक्षिणा घालशील का?"

*

साइटसाठी नवे सेफ्टी शूज मिळाले. मी कौतुकाने खोक्यातून काढून टेबलावर ठेवले, तर फर्गस केबिनमधून धावत आला आणि दोन्ही बूट जमिनीवर! नवे बूट टेबलावर म्हणजे घरात मरण.

मी लगेच आईला फोन लावला. "सगळे बरे आहेत ना गं?"

"ठणठणीत आहेत. पण बूट, आणि टेबलावर? हे शिकवलं होतं का मी तुला?"

*

माझं पहिलं प्रेझेंटेशन झालं. फर्गस म्हणाला, "नॉट बॅड." बस, एवढंच! मी वॉशरूममध्ये जाऊन रडले.

जोशी मॅडम टिश्यू घेऊन आल्या. "वेडी का तू? जास्त कौतुक केलं की दृष्ट लागते, असं मानतो तो. लग्नाचा अल्बम दाखवताना स्वतःच्या बायकोबद्दलही हेच म्हणाला होता!"

*

सेल्समधल्या स्नेहाला मुलगा झाला. आम्ही दुबईला, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या तिच्या घरी बघायला गेलो. फर्गसने बाळाच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवलं. घट्ट धरलं तर मूल काटकसरी निघतं!

बाळाने धरलं, आणि मूठ नेली तोंडाकडे. मी किंचाळले. सगळे धावले, पण मूठ काही सुटेना!

स्नेहाच्या सासूबाई मात्र धन्य झाल्या. "आमच्याच वळणावर गेलाय हो!"

*

नव्या वर्षाचा ऑफिसचा पहिला दिवस. माझं प्रोबेशन त्याच दिवशी संपत होतं. कन्फर्मेशनवर फर्गसची सही व्हायची होती. पोचते तर अख्खा स्टाफ दाराबाहेर! आग लागली असं वाटून मी आल्या पावली मागे पळाले.

आग नव्हती. वर्षातलं पहिलं पाऊल काळ्याभोर केसांच्या पुरुषाने टाकायचं, तेही हातात कोळसा घेऊन. तोवर कुणी आत जायचं नाही, कामं नाहीत, सह्या नाहीत. फर्गस स्वतः लाल केसांचा, ड्रायव्हर टकला, बाकी आम्ही सगळ्या बायका!

इतक्यात वेअरहाउसचे देशपांडे सर आले. साठीला टेकलेले, केस मात्र काळेकुळकुळीत. त्यांच्या कॉलरवरचे काळे डाग फर्गस सोडून सगळ्यांनी पाहिलेले!

फर्गसने बार्बेक्यूच्या कोळशाचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. मग त्यांच्या डोक्याकडे अगदी जवळून पाहिलं.

"मिस्टर देशपांडे, नॅचरल?"

मी सरांपुढे चक्क हात जोडले.

देशपांडे सरांनी कोळसा छातीशी धरला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "इन्शाल्ला!"

फर्गसने दार उघडलं. सरांना आत सोडलं आणि मागे वळून मला म्हणाला, "पेन आहे का?"